डावीकडची बारावी फासळी

१

रावसाहेबांची एक फासळी चोरीला गेल्याची बातमी मला सकाळी साडेनऊला फोनवर कळली.

"मास्तर, घरी आहात का?" फोन शरीररचना विभागाच्या प्रमुखांचा होता.

मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि बायको जाऊन सहा. मी घरी नसेन अशी शंका ज्याला येते, त्याच्याविषयी मला आदर वाटतो.

"आहे. बोला."

हे प्रमुख माझ्या हाताखाली हाडं ओळखायला शिकले. तेव्हा मी त्यांना 'अरे' म्हणायचो. त्यांना खुर्ची मिळाल्यापासून 'अहो' म्हणतो. माणूस तोच आहे, फक्त बसतो दुसरीकडे.

रावसाहेब म्हणजे आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयातला सांगाडा. हयातीत ते कोण होते हे कुणालाच ठाऊक नाही. मेल्यावर मात्र अडतीस वर्षं एका जागी ताठ उभे राहून, एकही रजा न घेता त्यांनी शिकवण्याचं काम केलं, म्हणून मुलांनी त्यांना ही पदवी दिली. त्यांना उभं केलं मी. हाडं उकळायची, वाळवायची, भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं माणूस पुन्हा जोडायचा, हा माझा धंदा होता. त्यावरूनच सगळे मला तारमास्तर म्हणतात.

"चोवीसपैकी तेवीसच भरल्या," प्रमुख म्हणाले. "डावीकडची बारावी गेली. आणि मास्तर…" इथे त्यांचा आवाज खाली गेला. "ती सापडलीही. बाईंच्या खणात."

मी चहाचा कप खाली ठेवला. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनीच तिथून चोरी केली, हे म्हणजे भिंतीनं खिळा चोरला म्हणण्यासारखं होतं.

२

संग्रहालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लांब खोली, उंच खिडक्या, दोन्ही बाजूंना काचेची कपाटं आणि सगळीकडे फिनेलचा वास. बायको गेल्यानंतर मी दर गुरुवारी तिथे जाऊन बसायचो. बाई टेबलावर नोंदी लिहायच्या, मी खिडकीपाशी पेपर वाचायचो. तासाभरात आमच्यात चार वाक्यं व्हायची, त्यातली दोन हवेवर. आठवड्यातला माझा बोलण्याचा कोटा त्यात भागायचा.

त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी खिडकीपाशी माझी खुर्ची मांडलेली होती. बाई त्यांच्या स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर फरशीवर. सव्वीस वर्षं त्यांनी ही खोली सांभाळली. निवृत्तीला आठ महिने उरलेले. घरी त्यांचंही कुणी नाही. आई होती, ती गेली.

रावसाहेबांचं कपाट मात्र जागेवर नव्हतं. खोलीच्या मधोमध, नव्या दिव्याखाली ते उभं होतं. जुन्या जागी, डाव्या कोपऱ्यात, फरशीवर फिकट चौकोन उमटला होता.

"परवाच हलवलं," प्रमुख म्हणाले. "उद्या अकराला तपासणी समिती येतेय. रावसाहेब सगळीकडून दिसावेत म्हटलं. काल संध्याकाळी सहज मोजायला गेलो, तर पाठीमागून डावीकडे अकराच."

"आधी कधी मोजल्या होत्या?"

"मोजायच्या कशाला? तुमची नोंदवही आहे ना."

त्यांनी ती उघडून माझ्यापुढे धरली. माझं अक्षर तेव्हा बरं होतं. सांगाडा क्रमांक एक. कवटी १. उरोस्थी १. फासळ्या २४. खाली माझी सही, तारीख अडतीस वर्षांपूर्वीची.

"तुमच्या नोंदीत एक हाड इकडचं तिकडं नसतं," प्रमुख म्हणाले. "तुमच्या निरोप समारंभात मीच म्हणालो होतो."

म्हणाले होते खरे. वाक्य मुळात माझंच; त्याआधी आणि त्यानंतर ते मी स्वतः निदान दोनशे वेळा, वेगवेगळ्या निमित्तांनी, लोकांना ऐकवलं आहे. दूधवाल्यालाही.

"आज सकाळी मी आलो तर बाईंनी घाईनं खण बंद केला. उघडायला लावला. आत हे." त्यांनी टेबलावर एक फडकं पसरलं. त्यात एक आखूड फासळी, तांब्याच्या तारेचं नवं वेटोळं आणि छोटं गिरमिट. "चोरीची हत्यारं! मला आवडतंय का हे, मास्तर? पण चारच्या आत अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार गेली नाही, तर उद्या समिती माझी मान धरेल. तक्रार गेली की बाई घरी. आठ महिनेही नाहीत, निरोप समारंभही नाही."

मी बाईंकडे वळलो. "बाई, ही तुम्ही घेतली?"

"खणात सापडली ना? मग घेतली म्हणा."

"कशाला?"

त्यांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "मास्तर, तुम्ही घरी जा. यात पडू नका. चहा झाला का तुमचा?"

चोरानं तपास करणाऱ्याच्या चहाची चौकशी करावी, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

३

माझ्याकडे चार वाजेपर्यंतचा वेळ होता आणि संशयित तीन. संग्रहालयाच्या किल्ल्या तिघांच्याच हातून फिरतात: बाई, हाडांचे तास घेणारे पाठांतर सर आणि शरीराचे नकाशे काढणारे चित्रकार.

पाठांतर सरांचं हे नाव मुलांनी ठेवलं. पुस्तक त्यांना स्वल्पविरामासकट पाठ आहे. कर्मचारी खोलीत ते डबा उघडून बसले होते. मला पाहून झाकण लावलं.

"फासळी? मी? मला काय करायचीय फासळी?"

"शिकवायला नेली असेल."

"मी कशाला नेऊ? मी तोंडी शिकवतो." त्यांनी डोळे मिटले आणि त्यांची टेप सुरू झाली. "गळ्याच्या खळगीतून बोट खाली न्यावं. उरोस्थी आखूड तलवारीसारखी, वर मूठ, मध्ये पातं, खाली टोक. मूठ आणि पातं जुळतात तिथे आडवा उंचवटा बोटाला लागतो. तिथे दुसरी फासळी मिळते. पहिली गळ्याच्या हाडामागे दडलेली, ती हाताला लागत नाही. म्हणून मोजणी दुसरीपासून. एकूण बारा जोड्या, चोवीस."

"रावसाहेबांच्या किती?"

"चोवीस."

"बघितल्यात?"

ते दुखावले. "मास्तर, माणसाला चोवीस असतात. रावसाहेब काय माणसाबाहेर आहेत?"

"पण तुम्ही समोर उभे राहून शिकवता. समोरून शेवटच्या दोन कशा मोजता?"

त्यांनी डोळे उघडले. पुस्तकात या प्रश्नाला परिच्छेद नसावा.

मुद्दा साधा आहे. वरच्या सात फासळ्या पुढे येऊन थेट उरोस्थीला भिडतात, त्यांना खऱ्या म्हणतात. आठवी, नववी, दहावी वरच्या शेजारणीचा पदर धरून तिथवर पोचतात, म्हणजे वशिल्यानं. अकरावी आणि बारावी पुढून कुणालाच लागलेल्या नसतात. मागे पाठीच्या कण्याला तेवढ्या धरून, बाकी अधांतरी. बायको गेल्यापासून मला या दोघींविषयी जरा जास्त कळतं.

"कपाट कोपऱ्यात असताना," मी विचारलं, "रावसाहेबांची डावी पाठ कुणाला दिसायची?"

"भिंतीला," पाठांतर सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे चोरी कधीही झालेली असू शकते! कालच झाली असं नाही. दहा वर्षांपूर्वीही झाली असेल."

एवढा मोठा विचार त्यांनी पुस्तकाशिवाय केल्याचं मला कौतुक वाटलं. पण त्यानं बाईंचं भलं होत नव्हतं. उलट संशयाला आता सव्वीस वर्षं मोकळी मिळाली होती.

४

परत आलो आणि फडक्यातली फासळी उचलली. हाडं खोटं बोलत नाहीत असं म्हणतात. बोलतात, पण त्यांना विचारायचं कसं ते माहीत असलं की लगेच कबूल होतात.

भिंग मागितलं. बाईंनी खणातून काढून दिलं.

पहिली गोष्ट. मी जोडलेल्या प्रत्येक फासळीच्या डोक्यात, म्हणजे कण्याला टेकणाऱ्या टोकात, बारीक भोक असतं. त्यातून तार जाते. तारेशिवाय फासळी कण्याला धरून राहील एवढी माया मेलेल्या हाडांत उरत नाही. या फासळीला भोक नव्हतं. ती कुठल्याच सांगाड्यात कधीच जोडलेली नव्हती.

दुसरी गोष्ट. फासळीच्या डोक्यावर हाडाची बारीक टोपी असते, ती विशी-पंचविशीत घट्ट बसते. इथे ती बसलेलीच नव्हती, जागा खडबडीत होती. म्हणजे ही कुणा कोवळ्या माणसाची. मी रावसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या उरोस्थीचं पातं आणि खालचं टोक एकसंध झालेलं. हे टोक तरुणपणी मऊ असतं आणि चाळिशीपुढे कधीतरी हाड होऊन वर जुळतं. रावसाहेब पिकलं पान होते. त्यांच्या पिंजऱ्यात विशीची फासळी कशी येईल?

तिसरी गोष्ट हत्यारांची. तारेनं बांधलेलं हाड चोरायचं तर पकड लागते, तार तोडायला. बाईंच्या खणात पकड नव्हती. गिरमिट होतं, भोक पाडायला. नवी तार होती, बांधायला.

"प्रमुख," मी म्हणालो, "ही रावसाहेबांची फासळी नाही. ही सुट्या हाडांच्या पेटीतली आहे. बाई काही काढत नव्हत्या. जोडणार होत्या."

प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे खरी फासळी विकून टाकली आणि आता खोटी लावणार होत्या! मास्तर, हे तर आणखी वाईट."

मी बाईंना वाचवायला निघालो होतो आणि गुन्हा दुप्पट करून ठेवला होता.

"बाई," मी म्हणालो, "काहीतरी बोला."

"खिडकी लावून घ्या," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वारा लागतोय."

५

चित्रकार तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसतात. महाविद्यालयाच्या भिंतींवरचे सगळे नकाशे त्यांच्या हातचे. स्वभावानं तिरके. मी आत गेलो तेव्हा कुणाचातरी गुडघा रंगवत होते.

"या तारमास्तर. तुमच्या रावसाहेबांचं एक पान गळालं म्हणे."

"तुमच्याकडे किल्ली असते."

"असते. हाडंही नेतो. पण परत आणताना एक जास्तच आणतो, कमी नाही. तुमच्या पेटीत तीन गुडघ्याच्या वाट्या माझ्याकडच्या आहेत. मोजा कधीतरी."

मोजण्याचा शब्द त्या दिवशी मला सारखा बोचत होता. का, ते अजून कळलेलं नव्हतं.

"रावसाहेबांना पाठीमागून कधी काढलंय तुम्ही?"

त्यांचा कुंचला थांबला. "एकदाच. एकोणीस वर्षांपूर्वी. भिंतींना रंग द्यायचा होता म्हणून कपाट आठवडाभर बाहेर ओढलं होतं. तेव्हाचे प्राध्यापक म्हणाले, पाठीचा नकाशा करून टाका. केला. आणि त्यानंतर दोन वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही."

"का?"

ते उठले. फळीवरून गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि टेबलावर उलगडली. काळ्या शाईत रावसाहेबांची पाठ, इतकी अचूक की मला माझ्या तारेच्या गाठी ओळखू आल्या. उजवीकडे बारा फासळ्या. डावीकडे अकरा काळ्या. आणि त्याखाली कुणीतरी लाल शाईत, हातानं ओढलेली एक बारावी. बाजूला लाल अक्षरात शेरा: 'नीट बघत जा.'

"मी बघितलं ते काढलं," चित्रकार म्हणाले. "त्यांनी वाचलेलं त्यांना दिसलं. छापील नकाशात चोवीस आहेत, त्यांच्या हुकमानं. मूळ मी ठेवून घेतलं. म्हटलं, कधीतरी कुणीतरी विचारायला येईल. एकोणीस वर्षं लागली तुम्हाला, मास्तर. जिना फार मोठा नाही हो."

म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीही फासळी नव्हतीच. पण बाई तेव्हाही नोकरीत होत्या, सात वर्षं झालेली होती. प्रमुख म्हणतील, मग त्याआधी गेली असेल.

"एक सांगा," मी विचारलं. "तेव्हा त्या जागी तुटलेली तार होती का? रिकामं भोक?"

"असतं तर काढलं असतं," चित्रकार म्हणाले. "मी न दिसलेलं काढत नाही, दिसलेलं सोडत नाही."

मी चित्राकडे वाकून बघितलं. भोक काढलेलं नव्हतं.

गुंडाळी मागून घेतली आणि जिना नेहमीपेक्षा हळू चढलो. वय म्हणून सोडून देता आलं असतं, पण तसं नव्हतं.

६

प्रमुखांना मी कपाट उघडायला लावलं आणि हातात बॅटरी घेऊन रावसाहेबांच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसलो. अडतीस वर्षांनी आम्ही एवढे जवळ आलो होतो.

मणके मोजत खाली आलो. बारावा मणका. उजव्या अंगाला गुळगुळीत गोल खळगी, शर्टाच्या बटणाएवढी. तिथे फासळीचं डोकं टेकतं. त्या खळगीत माझं भोक, भोकात माझी तार. चोख काम.

डावं अंग. खळगी नाही. भोक नाही. तारेचा मागमूस नाही. हाड सरळ, अखंड, जन्मलं तसंच.

फासळी चोरता येते. खळगी चोरता येत नाही. फासळी जिथे हयातभर टेकलेली असते तिथे तिची बैठक उरते, माणसाच्या खुर्चीवर उरते तशीच. इथे बैठकच नव्हती. इथे कधीच कुणी बसलेलं नव्हतं. काही माणसं अशी जन्मतात, फार थोडी. हयातीत त्यांना पत्ताही लागत नाही. रावसाहेब एका अंगानं अकरा फासळ्यांवर जन्मले, जगले आणि मेले. तक्रार केली नाही.

"मग चोरी नाहीच?" प्रमुख माझ्या डोक्यावरून वाकून म्हणाले.

"नाही."

"पण नोंदवहीत चोवीस आहेत! तुमच्या हातानं!"

मी उठलो नाही. गुडघे टेकलेले होते ते बरंच होतं.

कारण आता मला तो दिवस आठवला. आम्ही दोघं सांगाडे जोडायचो. मी उजवी बाजू, माझा थोरला जोडीदार डावी. त्याला सगळे मौनी म्हणायचे. दिवसाला तो पाचसहा शब्द बोलायचा, तेही चहाबद्दल. डावीकडे फासळी नाही हे त्यानं पाहिलं असणारच. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. नव्हतीच, म्हणून जोडली नाही आणि घरी गेला. मी उजवी बाजू मोजली. बारा. डावी मोजली नाही. बाराची दुप्पट केली आणि सही ठोकली.

हाडांच्या धंद्यातले सगळेच असं करतात. एक हात मोजला की दुसरा मोजत नाहीत. शरीराची डावी बाजू ही उजवीची नक्कल आहे, असं आम्ही धरून चालतो. मौनी आता या जगात नाही. दोष त्याच्यावर ढकलला असता, तर तो सवयीनं गप्पच राहिला असता.

"मास्तर?" प्रमुख म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

"पाच मिनिटं द्या," मी म्हणालो. "मला बाईंशी बोलायचंय. एकट्यांशी."

७

प्रमुख बाहेर गेले. मी माझ्या खुर्चीत बसलो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"सोमवारी मी डाव्या बाजूला ब्रश मारते, मंगळवारी उजव्या. कपाटात हात घालून, चाचपडत. सोमवारी अकरा लागतात, मंगळवारी बारा. दुसऱ्या वर्षीच लक्षात आलं."

"चोवीस वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं माझ्याच हातून पडली. पेटीपेटीत शोधली. मग एकदा बोटानं मणका चाचपला. तुम्हीच शिकवलं होतं कसा चाचपायचा. कळलं, नव्हतीच."

"तेव्हा सांगायचं होतं मला."

"तेव्हा तुम्ही साहेबांसमोर म्हणत होता, माझ्या नोंदीत एक हाड इकडचं तिकडं नाही." बाई किंचित हसल्या. "फार वेळा म्हणायचा हो तुम्ही. मध्ये शिरायला जागाच मिळाली नाही."

मी हातातली बॅटरी बंद केली.

"कपाट कोपऱ्यात होतं तोवर काळजी नव्हती," त्या म्हणाल्या. "परवा मधोमध आणलं आणि माझी झोप उडाली. म्हटलं पेटीतली एक जोडून टाकू. कुणाचं काही जात नाही. पण भोक कसं पाडायचं ते मला येईना. चिरेल म्हणून गिरमिट फिरवायचा धीर होईना. तेवढ्यात हे आले."

"आणि चोर ठरलात तरी गप्प!"

"माझं काय, आठ महिने. आधी गेले काय, नंतर गेले काय." त्यांनी टेबलावरचं फडकं घडी घालायला घेतलं. "तुम्ही दर गुरुवारी येऊन बसता. दुसरं काय उरलंय तुमच्याकडे, मास्तर? ते एक वाक्य तर आहे."

मी आयुष्यात पुष्कळ पिंजरे जोडले. माझ्या स्वतःच्या छातीत कुणी असा सरळ हात घालेल, याची मला कल्पना नव्हती.

घड्याळात साडेतीन झाले होते.

८

प्रमुखांना आत बोलावून मी सगळं सांगितलं. चित्र दाखवलं, मणका दाखवला, शेवटी स्वतःला दाखवलं. "चोरी नाही, चूक आहे. आणि ती करणारा तुमच्यासमोर बसलाय."

प्रमुखांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, हे कुणाला कळायची काय गरज आहे? गिरमिट आहे, तार आहे, तुमचा हात अजून चालतो. अर्ध्या तासात ती फासळी बसवा. चोवीस होतील. बाईंची तक्रार मी फाडून टाकतो. तुमचं नाव राहील, माझी तपासणी निघेल. सगळ्यांचंच बरं."

खरंच सगळ्यांचं बरं होतं. मी फासळी हातात घेतली. डोक्याची बाजू अंगठ्यानं चाचपली. भोक कुठे पाडायचं ते मला डोळे मिटूनही कळलं असतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, पाडा म्हणून.

"आणि पुढच्या वेळी कुणी मोजलं आणि मणका बघितला, तर?" मी म्हणालो. "तेव्हा मी नसेन. खोटी फासळी कुणी लावली असं विचारतील. खोलीची किल्ली सव्वीस वर्षांपूर्वी कुणाच्या ताब्यात दिली ते नोंदवहीत लिहिलेलं आहे. तेही माझ्याच अक्षरात."

मी फासळी फडक्यात ठेवली, नोंदवही ओढली, चोवीसवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'फासळ्या २३. डावीकडची बारावी जन्मतः नाही. आधीची नोंद चूक. एक बाजू मोजून दुप्पट केली.' सही. तारीख. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण वाचता येतं.

प्रमुखांनी तक्रारीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. "बाई, बसा," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः जाऊन बाईंसाठी चहा आणला. खुर्ची मिळाल्यानंतर त्यांनी स्वतः आणलेला तो पहिला कप असावा. निम्मा बशीत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती आली. मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण गुन्हेगारानं हजर राहावं म्हटलं. समितीचे अध्यक्ष रावसाहेबांपुढे उभे राहिले, उजवीकडून वाकून पेन्सिलीनं मोजलं आणि म्हणाले, "बारा. लिहा, चोवीस."

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "डावीकडूनही मोजा."

अध्यक्षांनी मोजल्या. दोनदा मोजल्या. मग मणक्याची खळगी शोधत तेही गुडघ्यांवर बसले, आणि त्यांच्यामागोमाग सगळी समिती. अर्धा तास कुणी उठेना. असा सांगाडा त्यांनी कुठेच बघितला नव्हता. पाठांतर सर हळूच म्हणाले, "पुस्तकात हे तळटिपेत आहे." तळटिपाही त्यांना पाठ होत्या. फक्त रावसाहेब पाठ नव्हते.

सगळे गेल्यावर मी खिडकीपाशी बसलो. मला आता कुणाला ऐकवायला वाक्य नव्हतं. खुर्ची मात्र मांडलेली होती.

"एक विचारू?" बाई ब्रश शोधत म्हणाल्या. "नोंद केलीत त्या दिवशी एवढी घाई कसली होती? डावी बाजू मोजायला किती लागतं?"

"पाच मिनिटं." मी फिकट चौकोनाकडे बघत होतो. "बायको फाटकापाशी उभी होती. लग्नाला तीन आठवडे झालेले. हातात सिनेमाची दोन तिकिटं. खिडकीतून मला ती दिसत होती, चला चला म्हणून खुणा करताना."

बाईंनी ब्रश झटकला. "मिळाला का मग सिनेमा?"

"सुरुवात चुकलीच. ती म्हणाली, काही बिघडत नाही, मी बनवून सांगते. आणि मध्यंतरापर्यंत कानात काहीतरी बनवून सांगत होती. खरी सुरुवात काय होती ते मला अजून माहीत नाही."

बाई रावसाहेबांच्या मागे गेल्या आणि डाव्या बाजूला वरून ब्रश मारायला लागल्या. सोमवार नव्हता. मी मनातल्या मनात मोजत होतो. अकराव्या फासळीवर त्यांचा हात थांबला, खाली रिकाम्या जागी क्षणभर टेकला, आणि तिथलीही धूळ त्यांनी झटकून घेतली.